मधली पिन

विमलाकाकी जॅकवर विश्वास ठेवत नाही. जॅक चढवला तरी खाली फणसाचा ओंडका सरकवते. चिरा कधीच नाही. चिरा बाहेरून दगड दिसतो आणि आतून माती असतो, असं तिचं मत.

ट्रॅक्टरखाली हात घालण्याआधी ती चपला काढते. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, बाजूला, जोडीनं.

ग्रीस पंपाचे दाब मोठ्यानं मोजते. आठ. आठाच्या आत जुनं काळं ग्रीस बाहेर आलं नाही तर थांबते, निप्पल सोडवते, तारेनं भोक मोकळं करते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.

बाहेर आलेलं ग्रीस बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळते. कचकच लागली तर त्या दिवशी कुणाशी धड बोलत नाही.

सून ट्रॅक्टर घेऊन बाहेर पडली की स्वयंपाकघराचं जनेल उघडं ठेवते. पाऊस आत आला तरी. आवाज लांब गेला की भाकरी थापणारा हात हळू होतो. आवाज थांबला की हातही थांबतो.

ट्रॅक्टर परत आला की आधी पुढच्या चाकांकडे बघते, मग सुनेकडे.

गावात म्हणतात, गवसांची विमला फार दक्ष बाई. ते खरं नाही. काकी दक्ष नाही, काकी घाबरते. गेली तीन वर्षं ती रोज घाबरते. त्या भीतीचं काय करायचं हे तिला कळत नाही, म्हणून ती ग्रीस भरते.

गवसांचं घर इब्रामपूरला चढावर आहे. खाली कुळागर, माडा-पोफळींचं. मागे काजूचा डोंगर. काकी मूळची दोडामार्गकडची. लग्न करून आली तेव्हा सदाशिवकाका डिचोलीला खाणीवर ट्रक चालवत. खाणी बंद पडल्या तेव्हा काकांनी एका बागाइतदाराकडून हा लहान ट्रॅक्टर घेतला. तेव्हाच तो म्हातारा होता. बॉनेटचा निळा रंग उडून खालचा तांबडा दिसत होता. पण अंगानं अरुंद. पोफळींच्या दोन ओळींमधून जायचा. मोठे ट्रॅक्टर जिथं वळू शकत नाहीत तिथं ह्याला बोलावणं यायचं.

तीन वर्षांपूर्वी काजूच्या डोंगरावरून उतरताना पुढचं एक चाक चरात गेलं. ट्रॅक्टर कलला आणि थांबला. काका मात्र थांबले नाहीत. ते फेकले गेले आणि त्यांचा खुबा मोडला. काकी त्या वेळी वरच्या कुंपणाशी लाकडं गोळा करत होती. तिनं सगळं पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही, हे तिला अजून आठवतं.

काकांच्या हातात काठी आली. मुलगा ओंकार बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा येणारा. ट्रॅक्टर विकायचं ठरत होतं. तेव्हा ओंकारची बायको सेजल म्हणाली, मी चालवते. माहेरी धारगळला तिनं वडिलांचा पॉवर टिलर चालवला होता. काकांना हसू आलं. मग तिनं ट्रॅक्टर अंगणात उलटा घेऊन गोठ्यात लावून दाखवला, आणि त्यांचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं धारगळच्या देवेशला बोलावून आणलं. देवेश हायवेवर गॅरेज चालवतो. त्यानं पुढची चाकं हलवून बघितली, खाली वाकला, वर आला आणि हात पुसत म्हणाला, "काकी, ह्येका भंगारात घाला. नायतर पंप घेवन स्वतःच ह्येच्यासमोर बसा."

तो थट्टा करत होता. काकीनं विचारलं, कुठं कुठं भरायचं ते दाखव.

देवेशनं दाखवलं. लहान ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल म्हणजे एक आडवी तुळई. दोन टोकांना दोन चाकं. मधोमध एक जाड लोखंडी पिन. त्या पिनीवर तुळई झुलते, तराजूच्या दांडीसारखी. एक चाक धोंड्यावर चढलं तर दुसरं खाली राहतं आणि वरचा माणूस सरळ बसतो. पुढचा सगळा भार त्या एका पिनीवर. ती बाहेर सरकू नये म्हणून तिच्यातून आडवा एक बोल्ट घालतात. ग्रीस लागतं ते दोन्ही टोकांना, चाकांच्या बेअरिंगला, आणि मधल्या पिनीला. मधल्या पिनीला सगळे विसरतात, देवेश म्हणाला, कारण ती दिसत नाही.

काकी विसरली नाही. दर आठ दिवसांनी, रविवारी सकाळी. साडीवर काकांचा जुना खाकी शर्ट. पुढचा भाग उचलायचा, कारण भार असताना ग्रीस वरच्या बाजूला पोचत नाही. हेही तिला देवेशनं एकदाच सांगितलं होतं.

घरात तिच्या भीतीची थट्टा चालायची. दुष्टपणानं नाही. पाहुणे आले की काका सांगत, "आमच्या घरात दोन इंजिनां आसत. एक डिझेलवर चालता, दुसरां हिच्या भियावर." पाहुणे हसत. सेजल हसे. पाच वर्षांची नात गौरवीसुद्धा, कळत नसताना, हसे. काकी चहाचे कप उचलून आत जाई.

गेल्या पावसात तिनं सेजलला पाच वेळा परत बोलावलं होतं. पाचव्या वेळी तर भर लोकांत. शेजारच्या महादेवच्या बागेत काम चाललं होतं, दहा-बारा माणसं होती. काकीला कुंपणापलीकडून टकटक असा आवाज आला. ती चिखलातून धावत गेली आणि ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. सेजलनं इंजिन बंद केलं. शोधलं. अवजारांच्या पेटीचं झाकण सैल होतं, तेच वाजत होतं. महादेवनं काकीला विचारलं, वहिनी, झाकणाकसुद्धा ग्रीस लावचा काय. सगळे हसले. सेजलनं वर बघितलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी काकीनं मनाशी ठरवलं. हातात पुरावा असल्याशिवाय यापुढे बोलायचं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पुरावा हातात आला. ग्रीस चोळताना बारीक चमक दिसली. लोखंडाचा कीस. तिनं देवेशला फोनवर विचारून मधली पिन बाहेर काढली. मध्यावर तिला चक्क कंबर पडली होती. झिजून झिजून. काकीनं ती पिन पदरात घेऊन काकांपुढे ठेवली. काका थट्टा करायचे विसरले.

सेजल नमुना घेऊन डिचोलीच्या लेथवाल्याकडे गेली. तो म्हणाला, दोन दिवसांत देतो. चार दिवस लावले. तोपर्यंत ट्रॅक्टर फणसाच्या ओंडक्यावर नाक वर करून उभा होता. ते चार दिवस काकी शांत झोपली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

नवी पिन आली ती खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी चार वाजता.

खंडेनवमीला गवसांच्या घरात अवजारं पूजेला बसतात. काकांच्या वडिलांच्या वेळेपासून. तिन्हीसांजेच्या आत कोयते, कुदळी, पाने, पक्कड, जॅक, ग्रीस पंप, सगळं धुऊन-पुसून ओसरीवरच्या पाटावर मांडायचं. हळदकुंकू, झेंडू, अक्षता. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी देवळातून येऊन एकमेकांना सोनं देईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ट्रकवर असतानासुद्धा काकांनी हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी टायर पंक्चर झाला तर ते तिथंच झाडाखाली बसून राहत, अशी गोष्ट ते अभिमानानं सांगत.

काकीकडे दोन तास होते. ती खाली बसली. पिनीला ग्रीस माखलं, भोकात लावली, लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकली. पिन सहज आत गेली. जरा जास्तच सहज. लेथवाल्यानं सुताभर बारीक कातली होती. बोल्टानं धरून ठेवली की चालेल, तिनं स्वतःला सांगितलं. मग पंपानं ग्रीस भरलं, भरपूर. दोन्ही कडांना पिवळी रेघ उमटली.

बोल्ट राहिला होता. जुन्याचे आटे गेले होते. नवा तिनं आणून अवजारांच्या पिशवीत ठेवला होता, एकोणीसच्या पान्यासोबत.

तेवढ्यात काकांनी ओसरीवरून हाक मारली. दिवा लागायची वेळ झाली होती. जॅक हवा होता. ट्रॅक्टर धुऊन चाकांवर उभा हवा होता, त्याचीही पूजा करायची होती. काकी म्हणाली, थोडं राहिलंय. काका म्हणाले, देव थांबूचो नाय. त्यांनी काठीनं पिशवी ओढून घेतली आणि सेजलला अवजारं पाटावर मांडायला सांगितली. काकीनं ओंडका काढला, जॅक उतरवला आणि तोही दिला.

ती हात धुऊन आली तेव्हा पाट मांडून झाला होता. बोल्ट पान्याशेजारी ठेवला होता. त्यालाही कुंकवाचं बोट लागलेलं होतं.

ट्रॅक्टरला काका स्वतः हार घालत होते. झेंडूचा लांब हार, मधे आंब्याची पानं. बॉनेटवरून खाली सोडलेला, ॲक्सलच्या मधोमध लोंबणारा. बोल्टाचं रिकामं भोक नेमकं त्याच्यामागे गेलं.

सांगायला हवं होतं. काकीनं तोंड उघडलंही होतं. तेव्हा काका सेजलला म्हणत होते, बघ, तुझ्या सासूनं नवी पिन घातली, आता ही चार दिवस जनेलाकडेच बसतली. सेजल हसली. मायेनंच हसली. काकी गप्प राहिली. तिनं हिशेब केला. ट्रॅक्टरही पूजेला बसलाय. त्यालाही उद्या दुपारपर्यंत कुणी हात लावणार नाही. त्याच वेळी पानाही सुटेल. दोन मिनिटांचं काम. उगीच आज हसं कशाला करून घ्यायचं.

नियम सगळ्यांना सारखा लागतो, एवढंच तिनं धरून ठेवलं.

दसऱ्याला सकाळी ती खाली कुळागरात गेली. तोरणाला आंब्याचे टाळे हवे होते. दव पडलं होतं. पोफळींखाली अजून अंधारल्यासारखं होतं. तिनं चार टाळे तोडले आणि पाचव्याला हात घातला, तेव्हा वर इंजिन सुरू झालं.

काकी तशीच उभी राहिली. हात वर, फांदी धरलेली.

तिला वाटलं, काका नुसतं सुरू करून बघत असतील. इंजिन बंद होईल. झालं नाही. आवाज बदलला. गिअर पडला. मग ट्रॉलीच्या साखळ्या वाजल्या.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा अंगण रिकामं होतं. तुळशीपाशी दोन चिरडलेली लिंबं पडली होती, चाकाखाली दिलेली. बाजूला फोडलेला नारळ. काका ओसरीवर काठी टेकून उभे होते, समाधानानं रस्त्याकडे बघत. त्यांनी सांगितलं की महादेवचा फोन आला होता. देवळात मांडवाच्या खुर्च्या आणायच्या आहेत आणि टेम्पोवाला आलाच नाही. देवाचंच काम म्हणून त्यांनी ट्रॅक्टरची उत्तरपूजा लवकर उरकली आणि सेजलला पाठवलं. अवजारं तशीच पूजेत आहेत, ती दुपारी. गौरवी पण गेली. आईच्या बाजूला बसली, हार बघत.

काकीनं सेजलला फोन लावला. फोन आत वाजला. मेजावर, चार्जिंगला लावलेला.

मग ती पाटाकडे वळली. झेंडूची फुलं बाजूला सारली. पाना उचलला. बोल्ट उचलला. काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते काठी आपटत पुढे आले.

"विमल. पूजा सुटूक नाय अजून. हात लावू नको."

ती मागच्या दारानं काजूच्या डोंगरात शिरली.

ट्रॅक्टरचा रस्ता लांबचा. घरापासून सपाटीवर जातो, डोंगराला वळसा घालतो आणि मग तीन वळणांनी खाली व्हाळावरच्या लहानशा पुलापाशी, मोरीपाशी उतरतो. पायवाट सरळ खाली त्याच मोरीपाशी येते. लाकडं आणायला काकी त्याच वाटेनं जायची, पण सावकाश, झाडं धरत. त्या दिवशी ती धावली. चप्पल एक कुठंतरी राहिली. दुसरी तिनं स्वतः फेकली. ओल्या गवतावरून दोनदा घसरली. दुसऱ्यांदा बोल्ट हातातून सुटला. ती गुडघ्यांवर बसून पाचोळा चाचपत राहिली, आणि तेवढा वेळ कानांत इंजिन. पहिलं वळण. तिला आवाजावरून कळत होतं. तिथं सेजल गिअर बदलते.

बोल्ट सापडला. कुंकवामुळे सापडला.

दुसरं वळण. रिकाम्या ट्रॉलीच्या साखळ्या खणखणत होत्या. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, भार पुढे येतो, पुढचा ॲक्सल डावी-उजवीकडे झुलतो. प्रत्येक झोल्याला पिन थोडी थोडी सरकणार. पिन गुळगुळीत होती. नवी होती, सुताभर सैल होती आणि ग्रीसनं न्हाऊन निघाली होती. ते ग्रीस काकीनंच भरलं होतं. तीन वर्षं जे भरून ती सेजलला सांभाळत होती, त्याच ग्रीसवरून पिन बाहेर घसरत होती. धावता धावता हे तिच्या ध्यानात आलं.

ती मोरीच्या वर, तिसऱ्या वळणाच्या खाली रस्त्यावर उतरली. ट्रॅक्टर वळणावर दिसला.

हार हलत होता. त्याच्या मधल्या आंब्याच्या पानांतून काहीतरी पुढे आलेलं होतं. पिवळसर, ओलं, गोल. दोन बोटं लांब.

काकीचे हात वर जायला निघाले. आणि तिथंच तिनं ते ओढून धरले.

तिला एकदम कळलं की ओरडायचं नाही. आडवं जायचं नाही. ती ओरडली तर सेजल घाबरून ब्रेक दाबेल. ब्रेक दाबला की ट्रॉली मागून आदळेल, सगळा भार नाकावर येईल, आणि राहिलेली पिन सुटेल. खाली मोरीला कठडा नाही. तिथं व्हाळ भरून वाहत होता. मडगार्डवर गौरवी बसली होती, एका हातानं हाराचं टोक धरून.

सेजलला सपाटीपर्यंत यायला हवं होतं. हळू. आपणहून.

काकी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पाना पाठीमागे धरला. पदर सारखा केला. आणि बसला हात करावा तसा हात केला. सावकाश, वर-खाली. चेहऱ्यावर हसू आणलं. ते कसं दिसत होतं देव जाणे. सेजल पुढे सांगायची की तिला वाटलं, आज आयेक काय झालं, ही तर हसते आहे.

सेजलनं गिअरवरच वेग कमी केला. ट्रॅक्टर उतार संपवून मोरीच्या अलीकडच्या सपाट तुकड्यावर आला. पुढचं डावं चाक एका दगडावर चढलं. तुळई झुलली. पिन अजून थोडी बाहेर आली. काकीनं ते बघितलं आणि हसू तसंच ठेवलं.

ट्रॅक्टर उभा राहिला.

"आये, तू हंय कशी? आणि अनवाणी?"

"पाय दुखले गो. माका देवळापर्यंत घे." तिचा आवाज नेहमीसारखा होता. "आदी गौरवीक माझ्याकडे दी. माका वर चढूक आधार होयो."

त्यात काही अर्थ नव्हता. पाच वर्षांच्या पोरीचा कसला आधार. पण सेजलनं तिला उचलून खाली दिलं. काकीनं तिला काखेत घेतलं, दहा पावलं मागे नेलं आणि काजूच्या बुंध्याशी उभं केलं. मग वळली.

"आता तू उतर. मागच्या चाकाच्या बाजून. गाडयेक धक्को लावू नको."

सेजलनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हसू गेलं होतं. ती काही न विचारता उतरली.

काकीनं चाकांना धोंडे लावले. मग पुढे जाऊन हार बाजूला केला आणि बोटानं दाखवलं. सेजल वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. मग ती चालत गौरवीपाशी गेली आणि तिला उचलून घेतलं. पोर चांगली जड आहे. एरवी ती तिला उचलत नाही.

काकी पिनीसमोर बसली. पाना एका हातात, बोल्ट दुसऱ्या हातात. जॅक नव्हता, ठोकायला हातोडा नव्हता. भार उचलल्याशिवाय पिन आत जाणार नव्हती, हे तिला माहीत होतं. पण ते नंतरचं. आधी मागून ती किती धरून आहे एवढं तरी चाचपून बघायला हवं होतं. तिनं हात पुढे केला. हात ॲक्सलच्या वीतभर अलीकडे थांबला. तिनं पुन्हा नेला. पुन्हा थांबला. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून ढकललं तरी तो पुढे गेला नाही. पाना दगडावर पडला.

सेजलनं काकीच्या फोनवरून बोलावलेला देवेश धारगळहून यायला तास गेला. सणाच्या दिवशी नव्या शर्टात आला. त्यानं जॅक लावला, खाली शिरला आणि पिनीच्या मागच्या टोकाला बोट लावून बघितलं. मग बाहेर येऊन त्यानं करंगळीचं नख दाखवलं. तेवढी उरली होती. त्यानं पिन ठोकून आत घातली, काकीच्या हातातला बोल्ट घेतला, तिच्याच पदराला पुसला आणि आवळला. दोन मिनिटं लागली.

त्यानं ट्रॅक्टर स्वतः घरी नेला. काकी आणि सेजल चालत आल्या, गौरवीला मधे धरून. खुर्च्या महादेवनं दुसऱ्या कुणाकडून तरी आणवल्या.

काका ओसरीवर होते. देवेशनं त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. पाटावर पान्याच्या जागी रिकामी जागा होती, भोवती फुलं तशीच. दुपारी सोनं द्यायच्या वेळी ते काकीपुढे आपट्याचं पान घेऊन आले. तिच्या तळव्यावर अजून कुंकू आणि ग्रीस होतं, धुतलेलं नव्हतं.

"मिया लिंबू ठेवला. थंयच ठेवला, चाकाकडे," ते म्हणाले. "माका दिसला नाय."

"हार होतो," काकी म्हणाली.

तेवढंच. त्या दिवसापासून दोन इंजिनांची गोष्ट त्या घरात कुणी सांगितलेली नाही.

सेजल मात्र गप्प बसली नाही. दोन दिवस तिनं स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी, पाठ फिरवलेली असतानाच तिनं विचारलं.

"बोल्ट नाय होतो ता तुका ठाऊक होता. माका कित्याक सांगूक नाय?"

काकीनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तुमी हसतलास म्हणान."

सेजल वळली. तिला रागावायचं होतं. खूप रागावायचं होतं, पोर होती त्यावर. तिनं सासूकडे बघितलं आणि तिला महादेवच्या बागेतली सकाळ आठवली. चिखलात उभी असलेली काकी, आणि आपण खाली घातलेली मान. ती चुलीकडे वळली. तिचं रागावणं राहिलं.

पुढच्या रविवारी काकीनं खाकी शर्ट घातला, जॅक लावला, ओंडका सरकवला. खाली बसली. आणि पंधरा मिनिटांनी तशीच उठून घरात आली. हात जात नाही, एवढंच म्हणाली. मोरीपाशी थांबला तेव्हापासून तो तिथंच थांबलाय.

ट्रॅक्टर तेव्हापासून उभा आहे. देवेश म्हणाला, मी येऊन भरतो, दर आठवड्याला. काकी नको म्हणाली. दुसऱ्यानं भरलेलं ग्रीस तिला दिसणार नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीवर ती सेजलला आता बसवणार नाही. मग सेजलच म्हणाली, आये, माका शिकय. मी भरतंय. तू फक्त बघ.

हे काकीनं मानलं. आता दर रविवारी सेजल खाली बसते आणि काकी मागे खुर्चीवर, तिच्या कदेलावर. काकी चांगली शिकवते. हळू बोलते, एकेक गोष्ट का करायची ते सांगते. पहिल्या रविवारी उजवं टोक झालं. निप्पल आधी फडक्यानं पुसायचं, नाहीतर धूळच आत जाते. दुसऱ्या रविवारी डावं टोक. तिसऱ्या रविवारी चाकं काढून बेअरिंग, तळव्यावर ग्रीस घेऊन कसं दाबत भरायचं ते. सेजलचा हात बसला. काकीनं तसं म्हटलंही.

चौथ्या रविवारी मधल्या पिनीची पाळी होती. सेजलनं पंप भरून घेतला, खाली सरकली आणि पुढे काय करू विचारलं. काकी कदेलावरून उठली. जवळ आली. वाकली. सरळ झाली. म्हणाली, आज राहू दे, ही पुढच्या रविवारी दाखवते.

त्यानंतर सात रविवार गेले. दर रविवारी सेजल पंप भरून खाली सरकते, आणि काकी पुढचा रविवार सांगते. कुळागरात झावळ्या साचल्या आहेत. महादेव दोनदा विचारून गेला. सेजल थांबली आहे. मधल्या पिनीचं दाखवायचं अजून राहिलं आहे.